खटका पंचेचाळीसवर

आई, तुझं बरोबर होतं. खटका पंचेचाळीसवरच हवा होता.

एवढं सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि तू जाऊनही आता वीसेक वर्षं झाली, तेव्हा ऐकायला तू नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. रविवार आहे, सकाळचे दहा वाजलेत. रोह्याच्या घरात, पुढच्या खोलीत, तुझाच रेकॉर्ड प्लेअर फिरतोय आणि दोन कोपऱ्यांतून ते दोन लाकडी स्पीकर असे वाजतायत की शेजारणीने आत्ताच खिडकीतून विचारलं, "आज काय आहे गं तुमच्याकडे?" काही नाही म्हटलं, आईची गाणी आहेत. तुझा जावई मासे आणायला बाजारात गेलाय, मी वही घेऊन बसलेय आणि मजेत आहे. खरंच मजेत आहे. फक्त त्या मजेत एक खडा लागतो, भातात लागतो तसा, आणि तो आज काढून टाकायचाय. पेणच्या पडवीत, तुझ्याकडे पापड लाटायला येणाऱ्या सहा बायकांच्या देखत, मी तुला अडाणी म्हणाले होते. गाण्यावरून. तुझ्या हातातला खटका मी काढून घेतला आणि पडवीतली गाणी मारून टाकली, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्याबद्दल लिहायचंय.

तो सेट आपल्याकडे आला भाभींकडून. मागच्या आळीतल्या त्या कोकणी मुसलमानांच्या घरात लग्न निघालं की पापड तुझेच, दुसऱ्या कुणाचे चालायचे नाहीत. भाभींचे मालक सौदीला होते. एका सुट्टीत त्यांनी हा सेट आणला: प्लेअर, दोन स्पीकर, आणि उचलताना कंबर धरेल असा ट्रान्सफॉर्मर, जो मध्ये जोडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही अशी ताकीद. पुढच्या सुट्टीत त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि सेट कोपऱ्यात गेला. भाभी तुला म्हणाल्या, "ताई, तिकडं काय झकास वाजायचा! इकडं आणला नि रडाय लागला. हवा मानवत नाय बघा त्याला. तुमी न्या, तुमच्या बायकांना तेवढीच करमणूक." तू "नको हो, कशाला" म्हणालीस आणि संध्याकाळी हातगाडी घेऊन त्यांच्या दारात हजर झालीस. सोबत खोकंभर रेकॉर्डी आल्या, सगळ्या मोठ्या. काही भाभींच्या कव्वाल्या, आणि एक ती हिरव्या कव्हरची मराठी, त्यांच्याकडे कशी आली कोण जाणे. तिच्यावरचं पहिलंच गाणं म्हणजे शेतावर भाकरी घेऊन निघालेली बाई. ते आपल्या पडवीचं गाणं झालं.

पहिल्या दिवशी वेगाचा खटका तेहेतीसवर होता, कारण कव्हरवर तेहेतीस छापलेलं होतं. गाणारी बाई भरल्या पोटी दुपारी लवंडल्यासारखी गायला लागली. सगळ्या बायका सेटकडे बघतायत, कुणाला वाईट बोलवत नाही, फुकट आलेली वस्तू. तू कपाळाला आठी घालून दोन ओळी ऐकल्यास, उठलीस, आणि हात तेलाचे म्हणून कोपराने खटका पंचेचाळीसवर ढकललास. बाई ताडकन उठून चालायला लागली. "आत्ता कशी!" असं खारेपाटातून येणारी मावशी ओरडली आणि तिचं लाटणं सुरू झालं. मी म्हणाले, आई, कव्हरवर तेहेतीस आहे. तर तू म्हणालीस, "तेहेतीस काय नि पंचेचाळीस काय, गाणं चाललं पाहिजे." मी तेव्हा लहान होते, मला ते पटलं. सगळ्या जगात रेकॉर्डी पंचेचाळीसवरच लावतात असं मी पुढची पाच-सहा वर्षं समजत होते.

काय दिवस होते गं ते! पहाटे तू पापडाचं डांगर कुटून ठेवलेलं असायचं, पोह्यांचं, मिरचीचा आणि हिंगाचा वास जिन्यापर्यंत. मी झोपेतून उठून तेलात बुडवलेली एक लाटी तोंडात टाकते, तू दोऱ्याने लाट्या कापतेयस, बायका पोळपाट घेऊन भिंतीला पाठ लावून बसतायत. रेकॉर्ड बदलायचं काम माझं, कारण घरात कोरड्या हाताची मी एकटीच. तेलाच्या हाताने रेकॉर्डीला शिवायचं नाही हा पडवीचा कायदा. एकदा मी डांगर खाऊन तशीच गेले आणि काळ्या रेकॉर्डीवर माझी पाचही बोटं उमटली, तर तू ओरडली नाहीस, नुसतं म्हणालीस, "तोंड तुझं, हात तुझा, पण रेकॉर्ड सगळ्यांची हाय." मला एवढं लागलं की मी दोन दिवस डांगराला हात लावला नाही. कव्वाली लागली की लाटणी जोरात, पापड पातळ होत होत फाटायचे आणि तू ओरडायचीस, "हळू गो, कव्वाली खायची नाय, पापड खायचाय!" भाकरीवाल्या बाईच्या गाण्यावर मात्र पापड पाहिजे तसा व्हायचा, गोल, काठाला पातळ, मधे जरा जीव असलेला. एक बाजू संपेपर्यंत कुणी मान वर करायचं नाही. मग मी रेकॉर्ड उलटायची आणि तेवढ्यात सगळ्या पाय मोकळे करायच्या, पाणी प्यायच्या, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करायच्या. मला त्या पडवीइतकं श्रीमंत घर पेणमध्ये दुसरं वाटत नव्हतं.

मग मी नववीत गेले आणि मला शिंगं फुटली. वर्गातली एक मैत्रीण डॉक्टरांची मुलगी होती, तिच्या घरी गाण्याची मोठी कपाटासारखी मशीन होती आणि तीच हिरव्या कव्हरची रेकॉर्ड. तिने ती लावली. गाणं आपल्यापेक्षा सावकाश, आवाज जाड. मी म्हटलं, खटका चुकलाय तुझा. ती हसली. "अगं, मोठ्या रेकॉर्डी तेहेतीसवरच लावतात, पंचेचाळीसवर छोट्या. तुमच्याकडे पंचेचाळीसवर लावतात?" आणि तिने तिच्या आईला हाक मारली, ऐकलंस का, म्हणून. माझे कान तापले. ते तापलेले कान घेऊन मी सायकल हाणत घरी आले, दप्तर खांद्यावर तसंच, आणि पडवीत शिरता शिरता म्हणाले, "बंद करा ते. सगळं चुकीचं वाजवताय तुम्ही. लोक हसतात आपल्याला. अडाणी कारभार नुसता!"

लाटणी थांबली. तू माझ्याकडे बघितलंस, रागाने नाही, जरा विचारात पडल्यासारखं. "मग बरोबर कुठलं?" मी पुढे गेले आणि खटका तेहेतीसवर आणला. गाणं सुरू झालं, ते तसंच, पहिल्या दिवसासारखं, लवंडलेलं. मावशी म्हणाली, "आगो बाय, ही भाकर घेऊन निघाली ती पोचंल कवा? वाटंतच शिळी व्हईल!" पडवी खदखदून हसली. मी लालबुंद. "हसायला काय झालं? कव्हरवर छापलंय, वाचता येत नसेल तर मला विचारा!" आणि तेव्हा तू म्हणालीस, "हसू नका गो. ती शिकतेय, तिला ठाऊक. आजपासून तेहेतीस." एवढं बोलून तू लाटणं उचललंस. त्यानंतर मी घरी असताना पडवीत गाणी लागायची ती तशीच, रेंगाळत, आणि बायका जांभया देत लाटायच्या. हळूहळू गाणीच कमी झाली. मी कॉलेजला गेले, केमिस्ट्री केली, रोह्याला धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले, लग्न झालं, शिफ्टमागून शिफ्ट. तू गेलीस तेव्हा पेणची खोली रिकामी करताना सेट मी माझ्याकडे आणला आणि माळ्यावर टाकला. आणला कशाला हे मला विचारू नकोस. टाकून देववलं नाही, एवढंच.

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालात काय चुकलं ते शोधायचं काम केलं, आता घरात शोधून शोधून तुझ्या जावयाला वेड लागायची पाळी आली. तोच म्हणाला, "तुझ्या आईचा तो सेट काढ बाबा खाली, त्याच्यात चुका शोध." मी खरंच काढला. कोलाडच्या रस्त्याला एक मिस्त्री आहेत, कंपनीतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले, जुने रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर जिवंत करणं हा त्यांचा आता छंद. त्यांनी सेट उघडला, मागची पट्टी वाचली आणि विचारलं, "मॅडम, हा सौदीचा ना? मग हा इकडे कधी नीट वाजलाच नसेल." मी म्हटलं, म्हणजे? "तिकडची वीज आणि आपली वीज एका चालीची नाही. ही मोटर तिकडे बरोबर फिरते, इकडे मंद फिरते. ट्रान्सफॉर्मर लावा नाहीतर अजून काही लावा, चाल तीच राहणार." मी खुर्चीवर बसलेच. विचारलं, "मग इथे तेहेतीसवर लावलं तर?" मिस्त्री म्हणाले, रडणार. "आणि पंचेचाळीसवर?" म्हणाले, "थोडं पळणार. बरोबर दोन्ही नाही. पण पंचेचाळीस कमी चूक. कुणी लावत होतं का तसं? कान चांगला असणार त्यांचा." आई, मी त्या मिस्त्रींसमोर ढसाढसा रडायचीच बाकी होते. भाभी म्हणायच्या हवा मानवत नाही, ते एका अर्थी खरंच होतं. आणि तू दोन ओळींत ओळखलंस.

मिस्त्रींनी मोटरीच्या टोकाची जुनी पितळी कप्पी काढून इकडच्या विजेला चालेल अशी नवी बसवली, पट्टा बदलला, सुई बदलली. सेट परत देताना म्हणाले, "एक विचारू? धूळ सगळ्यांच्याच सेटमध्ये असते. पण तुमच्या या खटक्याच्या खाचेत पीठ आहे. घट्ट बसलेलं. ब्रशने निघेना." मी हात लावून बघितलं, जिभेवर ठेवून बघितलं. पापडाची पिठी. आता पिठी पडवीत असणारच, पण खटक्याला हात लावायचे मी, कोरड्या, स्वच्छ हाताने. मग खाचेत एवढं पीठ गेलं कसं, ते मला कळेना. तो विचार डोक्यात घेऊनच मी सेट घरी आणला.

आणि मग काय सांगू तुला. पुढच्या खोलीत टीव्ही हलवला, दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत, मधोमध माझी वेताची खुर्ची, बरोबर अशी की दोन्हींचं अंतर सारखं. हिरव्या कव्हरातून रेकॉर्ड काढली, दोन तळव्यांत काठावर धरली, मऊ ब्रशने पुसली, सुई हलकेच ठेवली. ती पहिली खरखर आली आणि माझ्या अंगावर काटा. मग बाई गायला लागली. पळत नाही, लवंडत नाही, चालतेय. पाय उचलून टाकत, बांधावरून. दोन शब्दांच्या मधे तिने घेतलेला श्वास ऐकू येतो, एका कोपऱ्यातून तबला, दुसऱ्यातून सारंगी, आणि मधे, माझ्या समोर दोन हातांवर, ती. हे आपल्याला कधी ऐकूच आलं नव्हतं गं. तुझा जावई दारात उभा राहून म्हणाला, "हे गाणं मोबाइलवर फुकट मिळतं." मी बोट तोंडावर ठेवलं. बाजू संपली तेव्हा तो खाली सतरंजीवर बसलेला, म्हणाला, "उलट की, दुसरी बाजू लाव." तेव्हापासून रविवार सकाळ ही आमची गाण्याची. तो कांदा चिरायचं कामही सोफ्यावर बसून करतो, बाजू चुकायला नको म्हणून.

पण पीठ काही डोक्यातून जाईना. म्हणून मागच्या महिन्यात मावशीला आणलं. हो, आहे ती, ऐंशी उलटली, खांब गावी लेकीकडे असते, जीभ अजून तशीच. तिला माझ्या खुर्चीत बसवलं, नव्या कप्पीवर, बरोबर चालीत गाणं लावलं आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चांगलं हाय." मग मान हलवून, "पन ह्ये आपलं नाय." मला वाटलं, थांब, आत्ता देते आपलं, आणि खटका पंचेचाळीसवर टाकला. नवी कप्पी! बाई अशी चिरकली की उंदराचं पिल्लूच. मावशी हसता हसता खोकायला लागली, मी पाणी आणायला धावले, तुझा जावई म्हणतोय भाकरी पोचली, जेवूनही झाली! हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या हसण्यातच मी तिला पिठाचं विचारलं.

मावशीने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "आता सांगाय हरकत नाय. तू शाळंत गेलीस की तुझी आय हात पिठीत घोळवायची, तेलाचा डाग नको म्हणून, नि खटका पंचेचालीसवर. मी दाराशी बसायची. गल्लीत तुझी सायकल दिसली की मी वरडायची, साहेब आला गो! की परत तेहेतीस, नि आमी सगल्या जांभया द्यायच्या." मी म्हटलं, रोज? "रोज! तू अलिबागला कालेजात गेलीस तवा तर दिवसभर पंचेचालीस. काय गाणी वाजली बाय तवा!" मी विचारलं, मग मला कधी सांगितलं का नाही? मी चुकतेय म्हणून एकदा तरी बोलायचं. तर मावशी म्हणाली, "मी म्हनली व्हती तुझ्या आयला. तर ती म्हनते, नको. पोरगी आज पयल्यांदा चार बायकांत उभी राहून बोलली. उद्या कुठं नोकरी करंल, लोकांना तिचं ऐकावं लागंल. तिला सवय हुंदे." 

मी तुझ्यावर इतकी चिडले, आई, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला की मावशीला तिथेच मिठी मारली. गाणी मेली नव्हती! मी इतकी वर्षं जे ओझं वागवलं त्यातलं अर्धं तर खोटंच होतं. तू मजेत होतीस, माझ्या पाठीमागे, दाराशी पहारा बसवून. दुसऱ्याच दिवशी मी मिस्त्रींकडे गेले आणि जुनी कप्पी परत बसवायला सांगितली. ते चष्म्यावरून बघत राहिले. "मॅडम, लोक माझ्याकडे चूक काढायला येतात. तुम्ही घालायला आलात." शेवटी त्यांनी मला कप्पी बदलायला शिकवलं, पट्टा कसा उतरवायचा, कसा चढवायचा. आता एका रविवारी नवी कप्पी, बाई चालते. एका रविवारी जुनी, खटका पंचेचाळीसवर, बाई जरा लगबगीने निघते आणि आमची पडवी भरते. आज जुनी आहे. मावशीला फोनवरून ऐकवलं मघाशी, तिने पलीकडून पुढची ओळ आधीच म्हणून टाकली.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहील. म्हणून आता ते एक लिहून टाकते जे मी मावशीलाही सांगितलं नाही आणि तुझ्या जावयालाही नाही. त्या दिवशी मी खटका तेहेतीसवर आणला ना, तेव्हा पहिली ओळ संपायच्या आत मला कळलं होतं. डॉक्टरांच्या घरी असं वाजत नव्हतं. तिथे बाई चालत होती, आपल्याकडे रांगत होती. तासाभरापूर्वीच ऐकून आले होते मी, कान काही बहिरे नव्हते माझे. हात खटक्यावरच होता. परत सरकवणार होते गं, शपथ. पण तेवढ्यात तू सगळ्यांना गप्प केलंस आणि माझी बाजू घेतलीस.